स्टीगल्स

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील एक तात्पुरता व्यावसायिक संघ. दुसऱ्या महायुद्धात खेळाडूंचा तुटवडा पडल्यामुळे पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग स्टीलर्स व फिलाडेल्फिया ईगल्स हे दोन संघ १९४३ च्या एका हंगामापुरते एकत्र आले, त्यातून तो उभा राहिला. लीगच्या दप्तरी त्याची नोंद ‘फिल-पिट’ अशी आहे. ‘स्टीगल्स’ हे जोडनाव रूढ करण्याचे श्रेय पिट्सबर्ग प्रेस या दैनिकाचे क्रीडासंपादक चेट स्मिथ यांना दिले जाते. फिलाडेल्फियातील वृत्तपत्रे मात्र संघाला ‘ईगल्स’च म्हणत. १० सामन्यांत ५ विजय, ४ पराभव व १ बरोबरी. पूर्व विभागात तिसरा क्रमांक.

पार्श्वभूमी : डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि दीड वर्षात लीगमधील संघ ओस पडू लागले. क्लीव्हलंड रॅम्सने १९४३ च्या हंगामातून अंग काढून घेतले. स्टीलर्सची स्थिती त्याहून बरी नव्हती. १९४२ मध्ये त्यांनी पहिल्यांदाच पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवले होते, परंतु त्या यशाचा आधारस्तंभ बिल डडली हवाई दलात गेले आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत करारबद्ध खेळाडू बोटांवर मोजण्याइतके उरले. मालक आर्ट रूनी व बर्ट बेल यांनी संघ बंद ठेवण्याऐवजी ईगल्सशी हातमिळवणी केली. ईगल्सचे मालक अलेक्सिस टॉम्सन त्या वेळी स्वतः लष्करात होते. जून १९४३ मध्ये लीगने एका वर्षापुरती परवानगी दिली. सराव फिलाडेल्फियात ठेवण्यात आला. यजमानपदाच्या सहा सामन्यांपैकी चार तेथील शाइब पार्कवर आणि दोन पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर झाले.

खेळाडू : सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत ‘फोर-एफ’ हा शेरा मिळालेले, म्हणजे सेवेस अपात्र ठरलेले खेळाडू हा या संघाचा कणा होता. सेनादलातून प्रकृतीच्या कारणाने परत पाठवलेले आणि वय उलटलेलेही त्यात होते. धडधाकट दिसणारा माणूस रविवारी मैदानात उतरतो आणि आघाडीवर जात नाही, याबद्दल लोकांत कुजबुज होई. त्यांच्या व्याधी पाहिल्या की त्या कुजबुजीतला अन्याय कळतो. टॅकल अल विस्टर्ट यांच्या मनगटाच्या हाडाला जुना संसर्ग होता. व्हिक सीअर्स यांना पोटात अल्सर होता. जॅक हिंकल यांना त्याच विकाराने सेनादलातून घरी पाठवले होते. सेंटर रे ग्रेव्ह्‌ज यांना एका कानाने ऐकू येत नसे. एंड टोनी बोव्हा एका डोळ्याने आंधळे होते आणि दुसऱ्या डोळ्यानेही त्यांना पुरते दिसत नसे. तरी लांबून फेकलेले १७ चेंडू झेलून ४१९ यार्डांची कमाई त्यांनीच केली आणि झेलांत संघात ते पहिले राहिले. फ्रँक ‘बको’ किलरॉय व्यापारी नौदलातून रजा मिळेल तसे येऊन खेळत. उघड्या डोक्याने खेळण्याबद्दल प्रसिद्ध असलेले बिल ह्यूइट १९३९ नंतर निवृत्त झाले होते. लीगने हेल्मेट सक्तीचे केले त्याच वर्षी ते परतले आणि त्यांना ते घालावे लागले.

नोकऱ्या : संघातील खेळाडूंनी युद्धोपयोगी कामावर पूर्णवेळ राबावे अशी अट होती. त्यामुळे आठवड्याचे चाळीस तास कारखान्यात, त्यानंतर संध्याकाळी सुमारे तीन तास सराव आणि सुट्टीच्या दिवशी सामना, असा त्यांचा क्रम असे. टेड डॉयल पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कारखान्यात कामाला होते व केवळ सामन्यासाठी संघात दाखल होत. आपल्या हातून झालेले काम अणुबाँबच्या प्रकल्पाशी निगडित होते, हे त्यांना युद्धानंतर उमगले. आठवडाभर यंत्रावर उभे राहून सामना खेळणारे व्यावसायिक खेळाडू नंतरच्या लीगमध्ये क्वचितच दिसतात. या संघाचे खरे महत्त्व गुणतक्त्यापेक्षा येथे शोधावे लागते.

प्रशिक्षक व डावपेच : दोन्ही संघांचे प्रशिक्षक, ईगल्सचे अर्ल ‘ग्रीझी’ नील आणि स्टीलर्सचे वॉल्ट कीसलिंग, समान दर्जाने नेमण्यात आले. दोघांचे पटत नव्हते, याबद्दल खेळाडूंच्या आठवणींत एकवाक्यता आहे. नील यांनी एका पिट्सबर्गकर खेळाडूला शिवीगाळ केल्यावर कीसलिंग आपली माणसे घेऊन सरावातून निघून गेले, अशी हकिकत सांगितली जाते. तिचे तपशील एकसारखे नाहीत. अखेर नील यांनी आक्रमण पाहावे आणि कीसलिंग यांनी बचाव, अशी वाटणी झाली.

ही वाटणी भांडणापोटी झाली असली तरी खेळाच्या इतिहासात तिला वजन आहे. त्या वर्षी लीगने संघाची कमाल संख्या ३३ वरून २८ वर आणली आणि त्याची भरपाई म्हणून खेळाडू हवा तेव्हा बदलण्याची मुभा दिली. तोवर तेच अकरा जण आक्रमणही करीत आणि बचावही. आज आक्रमण व बचाव यांचे प्रशिक्षक वेगळे, खेळाडू वेगळे आणि सरावही वेगळे असतात. त्या व्यवस्थेचे ओबडधोबड पूर्वरूप येथे दिसते. थेट वारसा मात्र सांगता येत नाही, कारण स्टीगल्सचे बहुतेक खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळतच राहिले.

आक्रमणासाठी नील यांची टी-रचना स्वीकारली गेली. १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टन रेडस्किन्सचा ७३-० असा धुव्वा उडवला, त्याची फिल्म मिळवून नील यांनी ही रचना बारकाईने अभ्यासली होती. तीत क्वार्टरबॅक सेंटरच्या लगेच मागे उभा राहतो, चेंडू थेट त्याच्या हातात येतो आणि तो कोणाकडे गेला हे प्रतिपक्षाला क्षणभर कळत नाही. पिट्सबर्गकर खेळाडूंना जुन्या सिंगल विंगची सवय होती. तीत चेंडू काही यार्ड मागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे फेकला जाई. क्वार्टरबॅक रॉय झिमरमन यांना रेडस्किन्सकडून आणले होते. हातातून हातात चेंडू देण्याची लय लवकर बसली नाही: ९ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध स्टीगल्सच्या हातून दहा वेळा चेंडू सुटला. तरीही तो सामना त्यांनी २८-१४ असा जिंकला.

हंगाम : ब्रुकलिन डॉजर्सवर १७-० असा विजय मिळवून सुरुवात झाली. बेअर्सकडून ४८-२१ व जायंट्सकडून परतीच्या सामन्यात ४२-१४ असे पराभव झाले. डेट्रॉइट लायन्सविरुद्धचा सामना ३५-३४ असा एका गुणाने जिंकला. गतविजेत्या रेडस्किन्सशी पहिल्यांदा १४-१४ अशी बरोबरी झाली आणि २८ नोव्हेंबरला त्यांच्याच मैदानावर स्टीगल्सने त्यांना २७-१४ असे हरवले. ५ डिसेंबरला शाइब पार्कवर ग्रीन बे पॅकर्सकडून ३८-२८ अशी हार पत्करावी लागली. तो सामना जिंकला असता तर संघ जायंट्स व रेडस्किन्सच्या बरोबरीने विभागाच्या अग्रस्थानी राहिला असता.

हिंकल यांनी चेंडू घेऊन धावत ५७१ यार्ड कमावले; जायंट्सचे बिल पास्कल ५७२ यार्डांसह लीगमध्ये पहिले आले. हिंकल यांची एक लांब धाव गुणलेखकाने जॉनी बटलर यांच्या नावावर टाकली, असे हिंकल सांगत. लीगची अधिकृत आकडेवारी बदललेली नाही.

गणवेश : ईगल्सचा, हिरवा-पांढरा.

उत्तरकाळ : करार हंगामाबरोबर संपला. १९४४ मध्ये ईगल्स स्वतंत्रपणे खेळले. स्टीलर्स शिकागो कार्डिनल्सशी जोडले गेले आणि कीसलिंग त्या ‘कार्ड-पिट’ संघाच्याही प्रशिक्षकांपैकी एक होते; त्या संघाने दहाही सामने गमावले. स्टीगल्सचे हयात खेळाडू २००३ मध्ये पिट्सबर्ग येथे गौरवले गेले. मॅथ्यू अल्जिओ यांचा या संघावरील ग्रंथ २००६ मध्ये निघाला. कीसलिंग, नील व ह्यूइट यांना प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले आहे. विस्टर्ट यांना मिळाले नाही, ही प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते मोठी उणीव होय. नील यांनी ईगल्सला १९४८ मध्ये कार्डिनल्सवर ७-० व १९४९ मध्ये रॅम्सवर १४-० असे विजय मिळवून देऊन लागोपाठ दोन विजेतेपदे पटकावली, तेव्हा चेंडू घेऊन धावणारे स्टीव्ह व्हॅन ब्युरेन यांना वाट मोकळी करून देणाऱ्या फळीत विस्टर्ट, सीअर्स व किलरॉय हे तिघेही होते.