माग

'ट्रॅकिंग' हा शब्द आता घराघरात रुळलाय. कुरियर कुठवर आलं, टॅक्सी किती लांब आहे, गाडी कुठल्या स्टेशनात अडकलीये... सगळं फोनवर दिसतं. मराठीत त्यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे : माग. जुन्या गावगाड्यात चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत निघायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की पुढची जबाबदारी त्या गावाची. त्यांनी एकतर माग आपल्या शिवेबाहेर गेल्याचं दाखवायचं, नाहीतर चोर हजर करायचा.

आता माग म्हणजे मागे राहून गेलेली खूण. चोर ती हौसेने ठेवत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, जवळजवळ ८४ किलो वजनाचा गोळा. साधारण ९६ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी. हा गडी मात्र चोरासारखा लपत नव्हता. उलट २० आणि ४० मेगाहर्ट्झवर बीप बीप करत 'मी इथे आहे' म्हणून जगाला सांगत होता. हौशी रेडिओवाल्यांनाही ऐकू यावं अशीच सोय केलेली होती.

त्या काळात उपग्रहांचा माग काढायला अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने जगभरात १२ ठिकाणी बेकर-नन नावाचे मोठे कॅमेरे बसवले. त्यातला एक आपल्या नैनितालला होता. म्हणजे आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या त्या पहिल्या मंडळींत आपणही होतो!

खरी गंमत झाली ती अमेरिकेतच, मेरीलँडमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत. विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी ते बीप ऐकून टेप करायला सुरुवात केली. कुणी सांगितलेलं काम नव्हे, निव्वळ कुतूहल. ऐकता ऐकता एक गोष्ट त्यांनी मोजायला घेतली : उपग्रह जवळ येताना आवाजाची पट्टी चढलेली असते आणि लांब जाताना उतरते. फलाटावर उभं असताना न थांबणारी एक्सप्रेस भोंगा वाजवत निघून जाते, तेव्हा आपल्याला हेच ऐकू येतं. हाच तो शाळेतला डॉप्लर परिणाम. पट्टी किती चटकन उतरली यावरून उपग्रह किती जवळून गेला ते कळतं. असं करत करत त्यांनी एकाच जागी बसून, नुसतं ऐकून, उपग्रहाची अख्खी कक्षा काढली.

मार्च १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी दोघांना बोलावून हाच प्रश्न उलटा विचारला. आपली जागा ठाऊक असताना उपग्रह कुठे आहे ते काढलंत. मग उपग्रह कुठे आहे ते ठाऊक असेल, तर आपली जागा काढता येईल का?

मला हा क्षण फार आवडतो. 'तो कुठे आहे?' या प्रश्नाचा 'मी कुठे आहे?' झाला. गणित तेच, फक्त दिशा उलटी.

अर्थात प्रश्नामागे गरज लढाईची होती. पोलॅरिस क्षेपणास्त्रं घेऊन फिरणाऱ्या पाणबुड्यांना स्वतःची नेमकी जागा कळायला हवी होती. त्यातून ट्रान्झिट ही यंत्रणा उभी राहिली. १९६० साली तिचा प्रायोगिक उपग्रह वर गेला, १९६४ मध्ये ती नौदलाच्या वापरात आली आणि १९९६ पर्यंत चालली.

तिच्यामागून जीपीएस आलं. पहिला उपग्रह १९७८ चा. इथे डॉप्लरऐवजी मुख्य काम घड्याळांचं. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सांगत राहतो, आणि चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून आपली जागा निघते. वर त्या घड्याळांना आइनस्टाइनचे नियम लागू! ती इथल्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते सुधारलं नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक पडेल.

१ सप्टेंबर १९८३ ला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं की जीपीएस तयार झालं की ते सामान्यांनाही खुलं राहील. तरी सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. तीही मे २००० मध्ये थांबवली.

आता घरची गोष्ट. आमचा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो. सुट्टीला गाडीने येताना त्याचा निळा ठिपका बायकोच्या फोनवर सरकत असायचा. गेल्या दिवाळीत ठिपका घाटात वीस मिनिटं हलेना. हिने चार फोन केले. तो चहा पीत होता. त्यानंतर त्याने ठिपका बंद केला आणि घरात बरीच धुसफूस झाली.

मी मुलाच्या बाजूने आहे. (हे वाचून स्वयंपाकघरातून हाक येणार याची खात्री आहे.) कारण जीपीएस मुळात कुणाचाही माग काढत नाही. आपला फोन त्या उपग्रहांशी चकार शब्द बोलत नाही, फक्त ऐकतो. गायर आणि वायफेनबाख ऐकत होते तसंच. माग निघतो तो पुढे, फोन ती जागा दुसऱ्या कुणाला कळवतो तेव्हा. म्हणजे उलटा केलेला प्रश्न आपण परत सुलटा केला, 'तो कुठे आहे?', आणि या खेपेला स्पुटनिकच्या जागी माणूस आहे.

मी १९८६ साली शिकायला पुण्याला निघालो, तेव्हा बाबांनी घरचा पत्ता लिहिलेली दहा पोस्टकार्डं दिली होती. पोचल्याचं पत्र टाक, एवढंच म्हणाले. ते पत्र घरी पोचेपर्यंत तीन-चार दिवस आईला काय वाटत असेल, हे बाप झाल्यावर कळलं. काळजी तेव्हाही होती. पण पत्र मी लिहायचो. माग आणि पोचल्याचं पत्र यात एवढाच फरक आहे : एक मागे राहून जातो, दुसरं आपण पाठवतो.

घरात आता असं ठरलंय : रात्रीचा प्रवास असेल तर ठिपका चालू, एरवी पोचल्यावर फोन. बायकोला पटलंय असं नाही. पण परवा फोन आला, "पोचलो गं." आणि ती नीट झोपली.