दोन चाकांमधला पीळ: लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलची घडण आणि त्याचा जुना बाजार

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचे अंतर कापावे लागते, आणि दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडलेली असतील तर त्यांपैकी एक रस्त्यावर घासत जाते. ही अडचण दूर करणारी दातेरी रचना, म्हणजे डिफरन्शियल, फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी पेटंट करून घेतली; १८७७ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने ती तीनचाकी सायकलीला बसवली, आणि पुढे मोटारीला ती आयतीच मिळाली. तिचा गुण आणि तिचा दोष यांचे मूळ एकच आहे. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते, परंतु टॉर्क, म्हणजे आस फिरवणारा पीळ, दोघांना नेहमी सारखाच वाटते. घसरणाऱ्या चाकाकडे सगळी ताकद निघून जाते, असे सर्रास लिहिले जाते, ते चुकीचे आहे. घसरणारे चाक जेवढा पीळ पेलू शकते तेवढाच रस्ता धरून असलेल्या चाकालाही मिळतो, आणि तेवढ्याने गाडी हलत नाही.

साध्या मोटारीत हा दोष क्वचितच जाणवे. तो उघडा पडला तो जर्मनीत, फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने ऑटो युनियनसाठी आखलेल्या शर्यतीच्या गाडीत. चालकाच्या पाठीमागे १६ सिलिंडरचे इंजिन असलेल्या या हलक्या गाडीचे एक मागचे चाक वळणातून बाहेर पडताना जागच्या जागी गरगरू लागे, आणि म्हणून १९३५ मध्ये त्यावर उपाय शोधण्याचे काम झेडएफ या दातेरी चक्रे बनवणाऱ्या कंपनीकडे देण्यात आले. तिने सरकत्या खुंट्या आणि उंचसखल कडा यांच्या घर्षणावर चालणारी रचना तयार केली. शर्यतीसाठी जन्मलेली हीच कल्पना पुढे युद्धकाळात क्यूबेलवागन या चिखलातून जाणाऱ्या लष्करी गाडीत गेली.

सर्वसामान्य ग्राहकाला ही सोय, म्हणजे एका चाकाचे घसरणे मर्यादेत ठेवणारा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, प्रथम अमेरिकेत मिळाली. स्टूडबेकर-पॅकार्डने १९५६ मध्ये ‘ट्विन ट्रॅक्शन’ या नावाने आणि शेव्हरोलेने १९५७ च्या कॉर्व्हेटमध्ये ‘पॉझिट्रॅक्शन’ या नावाने ती जादा पैसे घेऊन देऊ केली. या पिढीतील सर्वांत टिकाऊ ठरलेली रचना प्लेटांची आहे. तिच्यात लहान दातेरी चक्रे धरणारा आडवा दांडा दोन कड्यांमधील उताराच्या खाचांत बसवलेला असतो. इंजिनचा पीळ येताच दांडा उतारावर चढू पाहतो, कडी एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूच्या प्लेटा आवळल्या जाऊन दोन्ही आस काही अंशी एकमेकांशी बांधले जातात. खाचेला फक्त वेग वाढवण्याच्या बाजूने उतार असेल तर तिला वन-वे म्हणतात, वेग कमी होतानाही तितकाच उतार असेल तर टू-वे, आणि त्या बाजूचा उतार सौम्य ठेवला तर दीड-वे. जपानी सुट्या भागांच्या बाजारात हे शब्द आजही रोजच्या व्यवहारातले आहेत. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की ही रचना ज्या घर्षणावर चालते त्याच घर्षणाने ती झिजते.

याला पर्याय व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकी संशोधकाने १९५८ च्या पेटंटात मांडला होता. टॉर्सेन या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रचनेत प्लेटा नाहीत. तिरप्या दातांची चक्रे भार पडताच आपापल्या बैठकीवर दाबली जातात आणि अडवणूक तिथे निर्माण होते. तिचे आयुष्य दीर्घ असते, मात्र एक चाक पूर्ण हवेत गेले तर ती जवळजवळ साध्या डिफरन्शियलसारखी वागते, कारण ती कमी पकडीच्या चाकावरील पिळाच्या काही पटच दुसऱ्या चाकाला देऊ शकते, आणि शून्याची कितीही पट शून्यच. तिसरी जात सिलिकॉन द्रवाच्या चिकटपणावर चालणाऱ्या व्हिस्कस जोडणीची. ती बंद डब्यासारखी असते आणि द्रव थकला की सहसा अख्खी बदलावी लागते.

या तिन्ही जाती अनेकदा एकाच मॉडेलच्या काही गाड्यांत बसवल्या गेल्या आणि काहींत नाही, शिवाय त्या बाहेरून दिसत नाहीत. जुन्या मालाच्या व्यापारातील सारे ज्ञान या दोन वस्तुस्थितींतून उभे राहिले. बीएमडब्ल्यूच्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलवरील पत्र्याच्या चकतीवर गुणोत्तराच्या आकड्याआधी ‘एस’ हे अक्षर असते, आणि नेमकी ती चकतीच सहज काढता व लावता येते. माझदा एमएक्स-५ चे उदाहरण अधिक बोलके आहे. १.६ लिटरच्या सुरुवातीच्या गाड्यांना व्हिस्कस प्रकार मिळे, तर १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटर इंजिनासोबत मोठे क्राऊन व्हील (डिफरन्शियलचा गाभा फिरवणारे दातेरी चक्र) आणि टॉर्सेन आले. साहजिकच जुन्या गाडीचे मालक नव्या गाडीचा मागचा भाग शोधू लागले, आणि त्यासोबत आसही घ्यावे लागतात व गुणोत्तर ४.३ ऐवजी ४.१ होते, हे अनेकांना अनुभवातून कळले.

दोन्ही चाके उचलून एक हाताने फिरवायचे आणि दुसरे कोणत्या दिशेला फिरते ते पाहायचे, ही सर्वमान्य चाचणी प्लेटांच्या प्रकारासाठी जन्मली आणि त्याच्यापुरतीच खरी आहे. तिथे दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर प्लेटांत काही जीव आहे, उलट फिरले तर त्या झिजल्या आहेत किंवा मुळातच साधा डिफरन्शियल आहे. टॉर्सेन मात्र पूर्ण निरोगी असूनही उलट दिशा दाखवू शकतो, आणि व्हिस्कस जोडणी हळू फिरवल्यास विरोधच करत नाही. म्हणून प्लेटांचा जुना नग घेणाऱ्या जाणत्याने एक चाक धरून दुसरे हलवायला लागणारा पीळ टॉर्क पान्याने मोजणे, तेलातील धातूची भुकटी पाहणे आणि नव्या प्लेटा मिळतात की नाही हे आधी विचारणे श्रेयस्कर. त्या मिळत असतील तर झिजलेला नगही वाया जात नाही. नव्या नगाच्या बाबतीत हे प्रश्न उरत नाहीत, परंतु खर्चाचा एक भाग दोन्हीकडे सारखाच राहतो: डिफरन्शियलच्या जुन्या घरात, म्हणजे बाहेरच्या पेटीत, दुसरा गाभा बसवताना क्राऊन व्हील आणि त्याला फिरवणारे छोटे चक्र, म्हणजे पिनियन, यांच्या दातांमधील फट पातळ पत्र्याच्या चकत्या घालून नव्याने जुळवावी लागते, बेअरिंगांवरील दाब तपासावा लागतो, आणि ते काम घाईने झाले तर नवा गाभा निर्दोष असूनही मागून सतत गुणगुण ऐकू येते.