वेणीच्या विणीची खरी गोष्ट

थंडी पडली की तुमच्याही घरी वेणीच्या विणीची टोपी, मफलर, हातमोजे असा एकसारखा संच कपाटातून बाहेर येत असेल. ही वीण जगभर पोचली ती आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरन बेटांच्या नावाने.

विक्रेते सांगतात, तिथे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी. बुडालेला कोळी स्वेटरवरून ओळखू येई. त्याला पुरावा नाही. जे. एम. सिंज यांच्या १९०४ च्या ‘रायडर्स टू द सी’ नाटकात बहीण भावाला ओळखते, तीही पायमोज्याच्या टाक्यांवरून. दंतकथेचं बीज बहुधा तेच.

आजचं अरन स्वेटर विसाव्या शतकातलं. चार टाके जादा सुईवर थांबवायचे, पुढचे आधी विणायचे, की पडला पीळ! बेटावरच्या बायकांनी हे कसब वाढवलं. १९३० नंतर डब्लिनमधल्या ‘कंट्री शॉप’मधून त्यांचं विणकाम विकलं जाऊ लागलं. १९६१ मध्ये क्लॅन्सी बंधू हे स्वेटर घालून अमेरिकन टीव्हीवर गायले आणि मागणी प्रचंड वाढली.

तेव्हा मुलांच्या डोक्यावर टोपी चढवताना घराण्याची कहाणी राहू द्या. चार पैशांसाठी रात्री विणत बसलेल्या त्या बायकांबद्दल जरूर सांगा.