होम थिएटरला स्पीकर किती? एका आकड्याचा इतिहास

होम थिएटर घ्यायला दुकानात गेलात तर खोक्यांवर २.१, ५.१, ७.१, ५.१.२ असे आकडे दिसतात. पहिला आकडा मुख्य चॅनेलांचा. दुसरा सबवूफरचा. तिसरा असलाच तर तो उंचीवरून येणाऱ्या आवाजासाठीच्या स्पीकरांचा. आकडा वाढला की किंमतही वाढते. मग घराला खरोखर किती स्पीकर लागतात?

या पाठात आपण या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधणार आहोत. हे आकडे एखाद्या सूत्रातून आलेले नाहीत. कानाची गरज, ध्वनी साठवणाऱ्या माध्यमाची क्षमता आणि खोलीतली जागा या तिन्हींच्या ओढाताणीतून ते ठरत गेले. कोणता आकडा कशामुळे आला हे कळले, की आपल्या खोलीला कोणता लागू पडेल हे तुम्हाला स्वतःच ठरवता येईल.

१. दोन की तीन?

आवाज एका बाजूने आला तर तो लांबच्या कानाला जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून, आणि दोन्ही कानांना मिळणाऱ्या तीव्रतेतील फरकावरून, मेंदू दिशा ओळखतो. इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीतील अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी याच तत्त्वावर दोन चॅनेलांची स्टिरिओ पद्धत मांडली आणि डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने विचार करत होते. वाद्यवृंदासमोर मायक्रोफोनांचा पडदाच उभारावा आणि दुसऱ्या सभागृहात तितकेच स्पीकर लावावेत, ही त्यांची आदर्श कल्पना. इतक्या तारा टाकणे व्यवहारात शक्य नव्हते. मग प्रश्न आला, कमी करत करत किती चॅनेलांवर थांबायचे? ते तीनवर थांबले. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तीन चॅनेलांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवण्यात आले.

दोन का पुरले नाहीत? समजा, तुम्ही दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसला आहात. दोघांतून सारखाच आवाज आला, तर तो मधूनच आल्यासारखा वाटतो. आता बाजूला सरका, म्हणजे एक स्पीकर १ मीटर जवळ येईल. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे, म्हणून त्या स्पीकरचा आवाज जवळजवळ ३ मिलिसेकंद आधी पोचतो. कान आधी आलेल्या आवाजाचीच दिशा धरतो, त्यामुळे मधला गायक त्या बाजूला ओढला जातो. मध्ये खराखुरा स्पीकर असला तर कुठेही बसा, गायक मध्येच राहतो. होम थिएटरमधल्या मधल्या स्पीकरचे काम इथूनच समजून घ्या.

२. चॅनेल आणि स्पीकर एक नव्हेत

चित्रपटगृहात समोरच्या आवाजाबरोबर भोवतालचा आवाजही हवा होता. १९४० मध्ये डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी बनवलेली फँटासाउंड यंत्रणा इतकी महागडी होती की ती फार थोड्या ठिकाणी बसवली गेली. १९५२ च्या सिनेरामात सात ध्वनिपट्ट्या होत्या. १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटाने सिनेमास्कोप आणले. त्यात ३५ मिलिमीटर फिल्मवर चार चुंबकीय पट्ट्या होत्या. डावी, मधली आणि उजवी या तीन पडद्यामागच्या, आणि चौथी प्रेक्षागृहाच्या भिंतींवरील स्पीकरांसाठी. फिल्म ७० मिलिमीटर रुंद झाली की सहा पट्ट्या बसत. आपल्याकडे १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटर पडद्यावर स्टिरिओ ध्वनीसह दाखवला गेला, तो याच मालिकेतला.

इथे एक फरक लक्षात ठेवा. सराउंडचा चॅनेल एकच असे, पण तो भिंतीवरील अनेक स्पीकरांतून वाजे. मोठ्या सभागृहात प्रत्येक रांगेपर्यंत आवाज पोचवण्यासाठी इतके स्पीकर लागत. चॅनेलांची संख्या माध्यम ठरवते, स्पीकरांची संख्या जागा ठरवते.

३. चार स्पीकरांचे अपयश

१९७० च्या दशकात क्वाड्राफोनिक पद्धत घराघरांत नेण्याचा प्रयत्न झाला. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावायचे. दोनापेक्षा चार चांगले, हे ऐकायला पटते. तरीही दशक संपता संपता ही पद्धत बाजारातून गेली. कारणे पाहू.

माध्यम अपुरे होते. रेकॉर्डच्या खाचेला दोनच भिंती असतात, म्हणून तिच्यात सरळ दोनच चॅनेल बसतात. एसक्यू आणि क्यूएस पद्धतींत चार चॅनेल दोनांत मिसळून नंतर वेगळे केले जात, पण ते नीट वेगळे होत नसत. सीडी-४ पद्धतीत मागच्या चॅनेलांची माहिती ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेवर चढवलेली असे. त्यासाठी खास सुई लागे. एका पद्धतीची रेकॉर्ड दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर नीट वाजत नसे.

कानाचाही विचार कमी पडला. समोरचे दोन स्पीकर ९० अंशांवर गेल्याने मध्ये पोकळी पडे. पुढचा आणि मागचा स्पीकर मिळून बाजूला आवाजाचा भास नीट उभा राहत नाही. शिवाय चार कोपरे मोकळे असलेली खोली कितीजणांकडे असणार? स्पीकर वाढले, पण प्रत्येकाला नेमके काम मिळाले नाही.

४. ५.१ कसे ठरले?

चार चॅनेल दोनांत मिसळण्याचे तेच तंत्र डॉल्बीने चित्रपटासाठी वापरले, पण मांडणी चित्रपटगृहाची ठेवली. समोर तीन आणि भोवती एक. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ती लोकप्रिय केली. १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये सराउंडचे डावे आणि उजवे असे दोन भाग झाले.

१९८७ मध्ये अमेरिकेतील चित्रपट अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संघटनेच्या समितीत डिजिटल ध्वनीसाठी किती चॅनेल हवेत यावर चर्चा झाली. टॉमलिन्सन होलमन यांनी ५.१ सुचवले. समोर तीन, सराउंडचे दोन आणि खर्जाचा एक. या ‘.१’चे गणित स्वतः करून पाहा. खर्जाचा चॅनेल सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच जातो, मुख्य चॅनेल २०,००० हर्ट्झपर्यंत. भागाकार ०.००६ येतो. ‘५.००६’ कोण म्हणणार? म्हणून सोयीसाठी .१.

१९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आले. फिल्मच्या काठावरील छिद्रांमधल्या जागेत पाचही चॅनेल आणि खर्ज बसले. पुढे डीव्हीडीने ते घरी आणले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार मधला स्पीकर ० अंशांवर, डावा-उजवा ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, असावेत.

५. त्यानंतरची वाढ

१९९९ मध्ये मागच्या बाजूला आणखी एका चॅनेलची भर पडली. ब्लू-रेवर क्षमता वाढली आणि ७.१ घरात आले. जपानच्या एनएचकेने तर २२.२ पद्धत तयार केली. २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ चित्रपटासह आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने प्रश्नच बदलला. त्यात हेलिकॉप्टरच्या आवाजाला ठरावीक चॅनेल देण्याऐवजी त्याचे अवकाशातील स्थान नोंदवता येते. कोणत्या स्पीकरने किती वाजायचे, ते उपलब्ध स्पीकर पाहून यंत्र ठरवते. माध्यमाची अडचण संपली. उरले कान आणि खोली.

६. तुमच्या खोलीपुरते

१० बाय १२ फुटांची खोली घ्या, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. ७.१ मधल्या मागच्या दोन स्पीकरांना इथे जागाच नाही. ते डोक्यामागे चिकटून वाजतील. अशा खोलीत दोन सराउंड पुरतात, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानापेक्षा थोडे उंच. सोफ्यामागे तीन-चार फूट मोकळे असतील, तर ७.१ चा विचार करा. पैसे मोजके असतील, तर सात साध्या स्पीकरांपेक्षा पाच चांगले घ्या, आणि त्यातही समोरचे तीन आधी. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. ते नीट ऐकू आले नाहीत, तर मागचे चार स्पीकर काय उपयोगाचे?

खोक्यावरचा आकडा वाचताना प्रत्येक स्पीकरबद्दल विचारा, याचे काम काय आणि माझ्या खोलीत ते त्याला करता येईल का? ज्याचे उत्तर मिळत नाही, तो स्पीकर तुम्हाला नको आहे.

स्वाध्याय

१. दोन स्पीकरांमधल्या मध्यरेषेवरून सरकल्यामुळे एक स्पीकर ०.५ मीटर जवळ आला, तर दोन्ही आवाजांच्या पोचण्यात किती मिलिसेकंदांचा फरक पडेल?
२. क्वाड्राफोनिक पद्धतीच्या अपयशात माध्यम, कान आणि खोली यांचा वाटा वेगवेगळा लिहा.
३. आपल्या घरातील एका खोलीचा आराखडा काढा, बसण्याची जागा दाखवा आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर बसतात का ते तपासा.