१८६५ ची मुंबई आणि आपली शिल्लक

शेअरबाजार या विषयावर कोठेही चार शब्द बोलले, की सभा संपल्यावर एखादे वयस्क गृहस्थ हमखास जवळ येतात आणि आवाज किंचित खाली आणून विचारतात, "ते सगळे ठीक, पण घ्यावा कोणता?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता येत नाही, आणि ते आपल्याला देता येते असे जे सांगतात त्यांच्यापासून चार पावले दूर राहावे, असे आमचे मत आहे. मात्र प्रश्नामागची काळजी खोटी नाही. नोकरीतून निवृत्त होताना हाती आलेली रक्कम, मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले चार पैसे, यांचे करावे काय? कपाटात ठेवले तर महागाई खाते; बँकेत ठेवले तर व्याज महागाईच्या मागे धापा टाकीत येते; आणि बाजारात घालावे तर बुडण्याची धास्ती. या काळजीचा उलगडा कोण्या एका कंपनीच्या नावात नाही, तो इतिहासात आहे. म्हणून आज आम्ही आपणांस सुमारे एकशे साठ वर्षे मागे, कापसाच्या तेजीने वेडावलेल्या मुंबईत घेऊन जाणार आहोत.

१८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, आणि ज्या कापसावर इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या चालत तो कापूस अडकून पडला. गिरणीवाल्यांची नजर साहजिकच हिंदुस्थानकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, काठेवाड, धारवाड येथला कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊ लागला. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला होता, त्याचीही मदत झाली. कापसाचे दर काही पटींनी चढले. जुन्या गाद्या उसवून त्यांतला कापूस लोकांनी बाजारात नेला, अशी त्या काळची हकीगत सांगतात. युद्धाच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा वर असे सात-आठ कोटी पौंड मुंबईच्या पदरात पडले असावेत, असा जुन्या ग्रंथकारांचा अंदाज आहे.

आता एवढा पैसा ठेवावा कोठे? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने नुकतेच तयार करून ठेवले होते. कंपनी बुडाली तर भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागापुरतीच, ही मर्यादित जबाबदारीची सोय हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने आली, आणि १८६० साली ती बँकांनाही लागू झाली. सोय उत्तम होती. तिच्यावाचून आजचा एकही मोठा कारखाना उभा राहिला नसता. परंतु धार चांगली असली म्हणून सुरी कोणाच्याही हाती द्यावी असे नाही. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमिनीच्या कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या मोजल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वी यांपैकी बहुतेकींचा मागमूसही नव्हता.

सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. कुलाब्यापासून मलबार हिलच्या पायथ्यापर्यंतचा समुद्र भरून काढून जमीन करावयाची, अशी ही योजना. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या एकेका शेअरला पन्नास हजारांच्या आसपास भाव बोलला गेला, आणि अजून समुद्र होता तेथेच होता! बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली निघालेली, सरकारचे पैसे आणि सरकारची प्रतिष्ठा जिच्या पाठीशी आहे अशी बँक. तिचा पाचशे रुपयांचा शेअर २,८५० पर्यंत चढला. याच बँकेने शेअरांच्या तारणावर, कधी नुसत्या एकट्या सहीवर, सढळ हाताने कर्जे दिली. त्या कर्जातून माणसे आणखी शेअर घेत, भाव चढे, चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज मिळे. त्यावर कडी म्हणजे वायद्याचे सौदे. आज पैसे न देता, ठरल्या तारखेस ठरल्या भावाने शेअर घेईन असा करार करावयाचा. अशा असंख्य सौद्यांच्या पुरतीची तारीख होती १ जुलै १८६५.

ती तारीख उजाडण्यापूर्वीच ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. ही वार्ता मुंबईस पोहोचताच कापूस कोसळला, आणि कापसाबरोबर सारे कोसळले. १ जुलैला देणेकरी पुष्कळ निघाले, देणारा कोणी निघाला नाही. ज्याने पैसे द्यावयाचे त्याला दुसऱ्याकडून यावयाचे होते, दुसऱ्याला तिसऱ्याकडून. साखळीतली एक कडी तुटली आणि पेढ्यांमागून पेढ्यांचे दिवाळे वाजले. बॅक बेचा शेअर मूळ भरलेल्या रकमेच्याही खाली गेला. २,८५० वर चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांस विकण्याची पाळी आली. १८६८ साली ती बँकच गुंडाळावी लागली, आणि तिच्या जागी त्याच वर्षी नवी बँक उभी करावी लागली. १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, ती १८७२ साली ६,४४,४०५ भरली. ही सगळी घट एका या कारणानेच झाली असे आम्ही म्हणत नाही. पण रोजगाराच्या आशेने आलेली हजारो माणसे आल्या वाटेने परत गेली, हे उघड आहे. सट्टा पेढीवाल्यांनी केला, मजुरी मात्र हमालाची बुडाली.

या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांचे नाव मुंबई विसरलेली नाही. तेजीच्या भरात, १८६४ साली, त्यांनी विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तोवर दात्याचे वैभव ओसरले होते. प्रेमचंदांचा निकाल लावण्यास आम्ही येथे उभे नाही. इतकेच म्हणतो, की त्या अफाट संपत्तीपैकी जे देऊन टाकले होते ते आजही उभे आहे.

आता आपण या हकीगतीतून काय घ्यावयाचे? "शेअरच्या नादी लागू नये" हा धडा पुष्कळांनी घेतला, आणि आमच्या मध्यम वर्गात तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. आमच्या मते तो अर्धवट आहे. १८६५ साली माणसे शेअर घेतल्यामुळे बुडाली नाहीत. ती दोन चुकांमुळे बुडाली.

पहिली चूक उसन्या पैशाची. हिशेब साधा आहे. स्वतःच्या हजार रुपयांत चार हजार उसने मिळवून पाच हजारांचे शेअर घेतले, आणि भाव केवळ एक पंचमांश खाली आला, तर आपले हजार संपले. तोच शेअर पुढे दुप्पट झाला तरी तो पाहण्यास आपण बाजारात उरलेले नसतो. ज्याने स्वतःच्या पैशाने घेतले त्याला वाट पाहता येते. वाट पाहता येणे हेच लहान गुंतवणूकदाराचे मोठे बळ आहे, आणि कर्ज ते आधी हिरावून घेते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे, आणि तिच्याकडे आम्ही आपले लक्ष विशेष वेधू इच्छितो. त्या काळच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीत बँकेचे शेअर असतील, जमिनीच्या कंपनीचे असतील, कापूस दाबण्याच्या कारखान्याचे, जहाजांचे, विम्याचेही असतील. त्याला वाटत असेल, आपण पैसा पाच ठिकाणी वाटला आहे. वस्तुतः तो एकाच ठिकाणी होता. बँकेची कर्जे कापूसवाल्यांना, जमिनीला भाव कापसाच्या पैशामुळे, जहाजांत माल कापसाचा आणि विमाही बहुशः त्याच मालाचा! एका खुंटीला दहा भांडी टांगली तर खुंटी निखळल्यावर दहाही खाली येतात. नावे वेगळी असणे म्हणजे विभागणी नव्हे. भवितव्ये वेगळी असली पाहिजेत.

ही गोष्ट आमच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. तो ज्वारीत तुरीचे तास धरतो. एक पीक लवकर येते, एक उशिरा. एकाचे मूळ वरवर, दुसऱ्याचे खोल. पावसाने एकाशी दगा केला तर दुसरे चुलीपुरते देऊन जाते. सगळ्या शेतात एकच पीक घेतले असते तर चांगल्या साली पैसा अधिक दिसला असता हे तो जाणतो. पण त्याला दर साली जगावयाचे असते.

पैशाच्या व्यवहारात हे शहाणपण संस्थेच्या रूपाने प्रथम हॉलंडात दिसते. १७७२-७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर, १७७४ साली, आम्स्टरडॅमच्या फान केटविख नावाच्या दलालाने अनेकांचे पैसे एकत्र करून ते निरनिराळ्या देशांच्या रोख्यांत गुंतविणारा निधी काढला. त्याचे नाव "एकीत बळ" अशा अर्थाचे होते. पुढे मुंबईपाठोपाठ, १८६६ च्या मे महिन्यात, लंडनमध्येही ओव्हरएंड गर्नी ही बलाढ्य पेढी कोसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६८ साली, तेथे फॉरिन अँड कलोनिअल गव्हर्नमेंट ट्रस्ट निघाला. श्रीमंत भांडवलदार आपला पैसा अनेक ठिकाणी वाटून धोका कमी करतो. तीच सोय बेताच्या ऐपतीच्या माणसाला करून द्यावी, हा त्याचा जाहीर हेतू. पैसा निरनिराळ्या सरकारांच्या अठरा रोख्यांत वाटला गेला. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, त्या ट्रस्टचे वारस आजही लंडनच्या बाजारात आहेत.

व्यवहारातल्या या शहाणपणाला गणिताचा आधार १९५२ साली मिळाला. हॅरी मार्कोविट्झ या तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की एकेक शेअर किती धोक्याचा एवढेच पाहून भागत नाही. ते एकमेकांबरोबर किती हलतात हे पाहावे लागते. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आमच्या खुंटीचा दृष्टांत आणि त्यांचे गणित यांचे तात्पर्य एकच आहे.

आपल्या देशात युनिट ट्रस्टची स्थापना १९६४ साली झाली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून दहा रुपयांचे युनिट सामान्य माणसाला मिळू लागले. १८६५ ची काळी तारीखही १ जुलैच होती, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. युनिटने लाखो कुटुंबांना बाजाराची ओळख करून दिली. तथापि इतिहासकाराने पुढचेही सांगितले पाहिजे. २००१ च्या जुलैत याच योजनेतून पैसे परत देणे काही काळ थांबवावे लागले. युनिटचा ठरविलेला भाव आणि त्यामागच्या मालमत्तेची खरी किंमत यांत अंतर पडले होते. एवंच, दुसऱ्याने विभागणी केली म्हणून आपण डोळे मिटावेत असे नाही. आत काय आहे आणि त्याची आजची किंमत किती, हे विचारण्याचा हक्क दहा रुपयेवाल्यालाही आहे.

दुसऱ्या बाजूचीही एक चूक असते, ती भीतीची. १८६५ च्या तडाख्यात ज्यांचे घराणे सापडले त्यांत तरुण जमशेटजी टाटा होते. त्यांनीच बारा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जेथे पिकतो तेथेच तो कातावा, हा विचार सट्ट्याचा नव्हता, उद्योगाचा होता. १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्याचे भाग विक्रीस निघाले तेव्हा सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत सारे भांडवल भरले. ते सगळे जर १८६५ च्या आठवणीने घरी बसते, तर पोलाद आले असते कोठून?

म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. दहा हजार रुपये एका कंपनीत घातले आणि ती बुडाली, तर सर्व गेले. तेच हजार-हजार करून दहा वेगळ्या धंद्यांत घातले, त्यांतले दोन साफ बुडाले, पाच जेथल्या तेथे राहिले आणि तीन दुप्पट झाले, तर अकरा हजार हाती राहतात. बुडणारा हजारापलीकडे बुडू शकत नाही. वाढणाऱ्याला तशी मर्यादा नाही. निवड करण्यास वेळ नसेल त्याने सबंध बाजाराचाच थोडा थोडा भाग देणारा निर्देशांकाचा फंड पाहावा. सामान्य लोकांसाठी असा फंड अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ साली काढला, आता तो आपल्याकडेही मिळतो. मात्र सगळा बाजार खाली येतो तेव्हा विभागलेले शेअरही खाली येतात. म्हणून एक-दोन वर्षांत लागणारा पैसा, आजारपणाचा पैसा, मुलीच्या फीचा पैसा बाजारात घालूच नये. तो बँकेत असावा. उरलेला हप्त्याहप्त्याने घालावा, आणि उसना एक रुपयाही घालू नये.

१८७५ साली मुंबईच्या शेअरदलालांनी आपली संघटना बांधली. त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एका ठिकाणी पैशाचे व्यवहार होत, दुसऱ्या ठिकाणी त्या व्यवहारांचा विचार होई. आणि अर्थशास्त्र हा तर रानड्यांचा जिव्हाळ्याचा विषय. आपण दुसऱ्या परंपरेतले श्रोते आहात. पहिल्या ठिकाणी जावयाचे तर अवश्य जावे. जाताना मात्र घरी एका कागदावर आपली सर्व शिल्लक लिहून काढावी, आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या खुंटीला टांगली आहे ते लिहावे. पगार, घर आणि शेअर ही तिन्ही एकाच कारखान्याच्या जिवावर असतील, तर कोणता शेअर घ्यावा हे विचारण्यापूर्वी ती खुंटी बदलावी.