विद्यार्थ्याचा प्रबंध आणि छत्तीस किल्ले

पदवीच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्याने इतिहासावर लिहिलेल्या प्रबंधाकडून काय अपेक्षा करावी, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. वय वीस-एकवीस, वाचन बेताचे आणि वेळ थोडा. तेव्हा थोर पंडितांची मते नीटपणे एकत्र मांडली म्हणजे विद्यार्थ्याचे काम झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत. प्रतिवर्षी आमच्या मेजावर येणारे बहुतेक प्रबंध याच समजुतीतून जन्मास आलेले असतात. भाषा नेटकी, अवतरणांची रेलचेल. परंतु लेखकाने स्वतः काय पाहिले व काय ताडून घेतले, याचा कोठेही पत्ता लागत नाही. ही समजूत कितपत खरी आहे हे ठरविण्यास एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाची हकीकत उपयोगी पडेल, म्हणून ती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने जगात गाजलेला टॉमस एडवर्ड लॉरेन्स (१८८८–१९३५) हा १९०७ साली ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. पदवीच्या परीक्षेत एका विशेष विषयावर प्रबंध सादर करण्याची मुभा तेथे होती. त्याने विषय निवडला तो असा: बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत क्रूसेडांचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांचा, युरोपातील दुर्गरचनेवर झालेला परिणाम.

या विषयाच्या पोटात एक वाद होता. १०९९ साली जेरुसलेम जिंकल्यावर पश्चिमेकडील योद्ध्यांनी सीरिया व पॅलेस्टाइन येथे राज्ये स्थापिली आणि जागोजाग किल्ले उभारले. ही दुर्गविद्या त्यांनी पूर्वेकडे, विशेषतः बायझंटाइनांपाशी शिकून मग युरोपात नेली, असे मत त्या काळी रूढ होते. क्रूसेडहून परतलेल्या रिचर्ड राजाने ११९६ ते ११९८ या काळात नॉर्मंडीत शातो गेयार हा किल्ला बांधला, ही गोष्ट या मताला सहजच पोषक वाटे. या मताचे एक मोठे पुरस्कर्ते चार्ल्स ओमन हे ऑक्सफर्डातच इतिहासाचे प्राध्यापक होते. मध्ययुगीन युद्धकलेवरील त्यांच्या कीर्तीचा आरंभही तरुणपणीच्या एका पारितोषिक-निबंधाने झाला होता. तो १८८५ साली प्रसिद्ध झाला. अशा अधिकारी पुरुषाचे मत उतरवून घेण्यात लॉरेन्सला कोणी दोष दिला नसता.

परंतु त्याने प्रश्न केला की, ज्यांच्याविषयी हे मत आहे ते किल्ले काय सांगतात? १९०८ च्या उन्हाळ्यात त्याने सायकलवरून फ्रान्सचा दोन हजारांहून अधिक मैलांचा प्रवास करून तेथील किल्ले पाहिले, मोजले व त्यांची छायाचित्रे घेतली. वादाची एक बाजू अशी डोळ्यांखालून गेली. दुसरी सीरियात होती. अरबस्तानच्या प्रवासवर्णनाने प्रसिद्ध झालेले चार्ल्स डाउटी यांचा सल्ला त्याने विचारला, तेव्हा उन्हाळ्यात तिकडे पायी फिरणे शहाणपणाचे नाही, असे उत्तर आले. तरीही १९०९ च्या जुलैमध्ये तो बैरूतला उतरला आणि पुढील तीन महिन्यांत सुमारे हजार मैल चालून त्याने छत्तीस किल्ले पाहिले. वाटेत हिवतापाने त्याला गाठले. एकदा तर मारहाण करून लुटण्यात आले. याच प्रवासात ऑगस्टमध्ये त्याला एकविसावे वर्ष पुरे झाले.

या पायपिटीने काय साधले? सहयूनच्या किल्ल्यात बायझंटाइनांची जुनी बांधणी आणि फ्रँकांनी उभारलेला भक्कम चौकोनी बुरूज एकाच आवारात दिसतात. अशी जोडी पाहिल्यावर कोणी कोणाचे अनुकरण केले, हा तर्क दगडांवर पारखून घेता येतो. फ्रान्समधील बुरूज आधीच पाहिलेल्या लॉरेन्सने निष्कर्ष काढला तो रूढ मताच्या अगदी उलट: पश्चिमेच्या लोकांनी आपली दुर्गविद्या घरूनच बरोबर नेली, पूर्वेचे ऋण त्यांच्यावर फार थोडे आहे. १९१० साली तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

येथे कोणी विचारील, मग हा निष्कर्ष खरा ठरला काय? पूर्णांशाने नाही. गॅलिली प्रांतातील बेल्व्हॉर हा किल्ला लॉरेन्सच्या काळी खेड्याच्या घरांखाली व ढिगाऱ्याखाली दडलेला होता. १९६० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन झाले आणि ११६८ नंतर बांधलेली, एका तटाच्या आत दुसरा तट अशी पूर्ण विकसित रचना उघडी पडली. म्हणजे सारे काही पश्चिमेकडून तयार होऊनच आले, हे म्हणणे टिकत नाही. स्थानिक गरज, उपलब्ध दगड, शत्रूची युद्धपद्धती या सर्वांचा त्यात वाटा होता, असे आता अभ्यासक मानतात. खुद्द लॉरेन्सनेही आपल्या प्रतीच्या समासात पुढे टिपणे केली होती. त्यांसह हा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १९३६ साली प्रसिद्ध झाला.

तरीही आमच्या मते या प्रबंधाचे मोल उणावत नाही. लेखकाने नकाशे, मापे व छायाचित्रे वाचकाच्या स्वाधीन केली होती, म्हणूनच त्याचे कोठे चुकले हे पुढील अभ्यासकांस दाखविता आले. उसन्या मतांचा प्रबंध असता, तर त्याचे खंडन करण्याची कोणास गरजच भासली नसती.

लॉरेन्सचा प्रश्न आपल्याकडील तरुणांस परका वाटू नये. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. दोन बुरुजांच्या कवेत दडविलेला गोमुखी दरवाजा घ्या. आदिलशाही व निजामशाही किल्ल्यांची प्रवेशद्वारे आणि शिवकाली बांधलेली प्रवेशद्वारे यांत नेमका कोणता फरक आहे? पाच किल्ले, एक फीत, एक वही आणि सुटीचे काही दिवस एवढ्यावर या प्रश्नाला हात घालता येईल. उत्तर अपुरे निघाले तरी चालेल. विद्यार्थ्याने पाहून आणि मोजून लिहिलेली पाच पाने आमच्या हाती आली, तर ती आम्ही पन्नास पानांच्या संकलनाहून अधिक आदराने वाचू.