कोअर व्यायाम, गुडघ्याच्या अस्थिबंध शस्त्रक्रियेनंतरचे

कोअर व्यायाम, गुडघ्याच्या अस्थिबंध शस्त्रक्रियेनंतरचे : गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाची पुनर्रचना झाल्यावर पोट, पाठ, कंबर आणि खुबा यांच्या स्नायूंना बळ यावे व त्यांच्यावर ताबा मिळावा म्हणून करायचे व्यायाम. अस्थिबंधाला दवाखान्यात आणि घरात सगळे लिगामेंटच म्हणतात. पुनर्रचना सर्वांत जास्त होते ती अग्र क्रुसिएट अस्थिबंधाची, म्हणजे एसीएलची. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (कंडरा), गुडघ्याच्या वाटीखालची शीर किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूची शीर घेऊन त्याच्या जागी नवा बंध बसवतात.

कोअर म्हणजे पोटावर दिसणाऱ्या घड्या नव्हेत. पोटाला पट्ट्यासारखा वेढणारा आडवा उदरस्नायू, मणक्यांना लगटून असलेले पाठीचे छोटे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ असा तो बंदिस्त डबा असतो. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की माणूस पाय हलवतो त्याच्या क्षणभर आधीच आडवा उदरस्नायू आवळला जातो. आधी धड सावरते, मग पाय हलतो.

गुडघा वर खुब्याच्या आणि खाली घोट्याच्या हुकमात असतो. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू पाय रोवून झटक्यात वळतो तेव्हा त्याचे धड एका अंगाला कलले, तर मांडी आत वळते, गुडघा आतल्या बाजूला कोसळतो आणि एसीएलवर ताण येतो. पुष्कळदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात २७७ महाविद्यालयीन खेळाडूंचे धड दोरीने ओढून धरून अचानक सोडले आणि ते किती हेलकावते हे मोजले. पुढची तीन वर्षे त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली. ज्यांचे धड जास्त हेलकावले होते त्यांच्या गुडघ्यांना इजा अधिक झाल्या, आणि अस्थिबंधाच्या इजेशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते धडाच्या बाजूला जाण्याचे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील भाकीत मुलींच्या बाबतीत खरे ठरले, मुलांच्या बाबतीत तितके नाही. कोअरच्या नावावर वाटेल ते खपवणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही सांगायला हवी.

धडाच्या ताब्याची ही गोष्ट आखाड्यात वेगळ्या शब्दांत माहीत होती. पैलवानाची पारख करताना त्याच्या कमरेत जोर किती हे पाहत. मल्लखांबाचा सारा डोलारा धडाच्या पकडीवर उभा असतो. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मात्र या वारशातील सगळे काही शस्त्रक्रियेनंतर लगेच चालत नाही. पायावर पूर्ण भार घेता येऊ लागला, जमिनीवर उतरता-उठता येऊ लागले की जोर मारता येतात, कारण त्यात गुडघा सरळ राहतो. बैठकांना मात्र पुष्कळ थांबावे लागते.

पहिले दोन आठवडे गुडघा सुजलेला असतो आणि मांडीचा पुढचा स्नायू जणू संप करतो. मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. या काळात उताणे झोपून नाकाने श्वास घ्यावा. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत ओढून पोट आवळावे आणि दहा आकडे मोजेपर्यंत तसेच धरावे, पण दम कोंडू नये. मग पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम. हा मांडीचा म्हणून शिकवतात. पण तळहात कमरेखाली सरकवून पाहिल्यास कळते की पाय उचलताना कंबर गादीवरून उचलली जात असेल, तर पोट काम करत नाही. हाताखालचा दाब शेवटपर्यंत सारखा राहिला पाहिजे. गुडघा वाकत असेल, तर पाय उचलण्याची घाई करू नये.

पुढचा टप्पा कुल्ले उचलण्याचा, म्हणजे ब्रिजचा. येथे नवा बंध कोठून घेतला हे पाहावे लागते. मांडीच्या मागची शीर घेतली असेल, तर ब्रिजमध्ये त्याच जखमी स्नायूवर भार येतो. म्हणून तो उशिरा आणि आधी दोन्ही पायांवर सुरू करतात. वाटीखालची शीर घेतली असेल, तर गुडघे टेकून करायचे व्यायाम दुखतात. हाता-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय लांबवण्याचा व्यायाम अशा रुग्णाला महिनोन्‌महिने नकोसा वाटतो. बाजूचा अस्थिबंध दुरुस्त केला असेल, तर कुशीवर पाय लांब ठेवून धड उचलून धरण्याचा व्यायाम (प्लँक) त्या पायावर करू नये. गुडघ्यातील कूर्चेची गादी (मेनिस्कस) शिवली असेल, तर गुडघा किती वाकवायचा याचीही मर्यादा असते. ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावी.

उभ्याने करायच्या व्यायामांत एका पायावर थोडे वाकून उठणे महत्त्वाचे. आरशात पाहताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे ना, खांदा एका अंगाला झुकत नाही ना, हे तपासावे. मोठा आरसा नसेल, तर दाराच्या चौकटीला गवंड्याचा ओळंबा टांगून त्याच्यासमोर घरच्या कोणी तरी पाहावे. चूक तेवढ्यानेही लगेच दिसते. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून, खिडकी एका बाजूला येईल असे उभे राहून तो छातीसमोर धरायचा, हात पुढे लांबवायचे आणि पट्टा ओढत असतानाही धड वळू द्यायचे नाही. चढाईत वळताना हाच ताबा लागतो.

रुग्ण जेथे राहतो तेथल्या जगण्याला धरून हे व्यायाम बसवावे लागतात. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात वसलेले शिरपूर जैन घ्या; ते अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थक्षेत्र आहे. भोवतीच्या शिवारात सोयाबीन आणि तूर. येथील माणसाचे जगणे जमिनीशी जोडलेले आहे. सोयाबीन सोंगायचे ते विळा घेऊन, बसून किंवा कमरेत वाकून. जेवण मांडी घालून. श्वेतांबर जैन उपासक खमासमण देतो, म्हणजे वंदन करतो, तेव्हा दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि कपाळ भुईला टेकवतो. परदेशी पुस्तकांतले व्यायाम चटईवर सुरू होतात, आणि पहिल्या आठवड्यांत भुईवर उतरणे हाच खरा धोका असतो. म्हणून येथल्या रुग्णाने सुरुवात लाकडी पलंगावर, पातळ गादी घालून करावी. झोळ पडलेल्या बाजेवर नव्हे.

कोअरचे व्यायाम पूरक आहेत. मांडीच्या स्नायूची ताकद त्यांनी परत येत नाही, तिच्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात. पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली किंवा जखमेतून पाणी येऊन ताप भरला, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठावा.

नवा बंध सुरुवातीच्या काही महिन्यांत, बसवला तेव्हा होता त्याहून कमजोर असतो, आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असल्याने रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. नॉर्वे व अमेरिका येथील २०१६ च्या संयुक्त अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेले दिसले. कुस्तीपटू विनेश फोगाटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. शस्त्रक्रियेपासून तिथवर जवळजवळ वर्ष गेले होते. सोंगणीला बसणाऱ्या बाईच्या गुडघ्याला खेळाडूंच्या गुडघ्याहून कमी वेळ पुरतो असे समजण्याचे कारण नाही. तिने आधी खुर्चीवरून, मग पाटावरून उठून पाहावे आणि शेवटी उकिडवे बसावे. गुडघे टेकताना खाली गोधडीची जाड घडी घ्यावी.